भारतमाताला उतरायचंय

परळकडून लालबागला येणाऱ्या बसमध्ये कंडक्टर ओरडतो, "भारतमातावाले पुढे या!" मग पिशव्या सावरत दोन-चार बाया, कानात वायर घातलेला एखादा कॉलेजचा पोरगा आणि केईएमचा केसपेपर छातीशी धरलेले एखादे आजोबा दाराकडे सरकतात. भारतमाता म्हणजे डॉ. आंबेडकर रोडवरचं सिनेमाघर. गिरणीच्या जागेत उभं राहिलेलं, मराठी पिक्चरचं हक्काचं. त्याच्यावरून सिग्नल भारतमाताचा, बसस्टॉप भारतमाताचा, कोपऱ्यावरचा वडापावही भारतमाताचाच. आमच्या काळाचौकीत पाहुण्यांना पत्ता सांगताना आम्ही म्हणतो, "भारतमाताला उतरा आणि कुणालाही विचारा." देशाच्या कल्पनेला इतकं घरगुती वागवणारी जागा दुसरी मला ठाऊक नाही. ना हार, ना घोषणा. उतरायचं, रस्ता ओलांडायचा, कामाला लागायचं.

हाताला न लागणाऱ्या गोष्टींना हात-पाय, नाव आणि पत्ता देण्याची आमच्या वस्तीला जुनी खोड आहे. वसाहतीचं नावच अभ्युदय नगर. अभ्युदयाची वाट बघत तिच्या इमारती म्हाताऱ्या झाल्या, पुनर्विकासाची चर्चा ऐकत एक पिढीही झाली. लालबागला दिग्विजय मिल होती. गिरण्यांच्या मालकांना देवादिकांची फार हौस. ज्युपिटर, अपोलो, शिवाय राखेतून पुन्हा उठणारा फिनिक्स पक्षीसुद्धा. रोमच्या देवराजाच्या पदरी कोकणातला आणि घाटावरचा माणूस पाळी भरत होता. ज्युपिटर कोण, असं माझ्या आजोबांना कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "ती होय? एल्फिन्स्टनला." त्या सगळ्या देवांच्या जमिनी पुढं विकल्या गेल्या. फिनिक्स तेवढा नावाला जागला. राखेतून उठला आणि मॉल झाला.

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी कोकणात तिला देवी आल्या होत्या आणि ती ते सांगायची, जणू लांबची मावशी पंधरा दिवस राहून गेली होती. मला कांजिण्या आल्या तेव्हा तिनं आमच्या दहा बाय बाराच्या खोलीचं देऊळ करून टाकलं. दाराला कडुलिंबाची डहाळी लावली. घरात फोडणी बंद, कारण बयेला तेलाचा वास खपत नाही. अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरला. खाज सुटली की त्याच पाल्याची जुडी अंगावरून अलगद फिरवायची, नख लावायचं नाही, नाहीतर बय रागावते. आईनं मोठ्यानं बोलायचं नाही. बाहेरून आलेल्यानं हातपाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. संध्याकाळी दिवा लावला की आजी दहीभाताची वाटी माझ्या उशाशी ठेवायची आणि माझ्या कपाळाकडे बघत तिसऱ्याच कुणाशी बोलायची. "आलीस, बरं झालं. माझ्या लेकराच्या अंगावर हात हलका ठेव. तुझं काय असेल ते मान्य. पण पाहुणचार झाला की सुखानं जा."

मी घाबरलो होतो, पण आजाराला कान आहेत हे कळल्यावर बरं वाटलं. ज्याला कान आहेत त्याला काहीतरी सांगता तरी येतं.

हीच आजी आम्हा भावंडांना देवी टोचून घ्यायला रांगेत उभी राहिली होती. माझ्या दंडावर त्याचा वण अजून आहे. बयेचा मान आणि डॉक्टरची सुई या दोन्हींत तिला कधी भांडण दिसलं नाही. आमच्या वस्तीलाही ते फारसं दिसलं नसावं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानं आपण तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली, तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. म्हणजे आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर साथीला जंतू म्हणून ओळखणारी माणसं बसली होती, आणि चाळीचाळींत तिला मरीआई म्हणून ओळखणारी. एकाच रोगाची दोन रूपं, आणि लोक दोन्हीकडे जात होते. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या रोगाचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. माहीमच्या शीतलादेवीच्या देवळातली गर्दी काही त्यामुळं आटली नाही. रोग गेला आणि देवीकडे दुसरी खाती आली.

आजीच्या त्या बोलण्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती देवीपुढं नुसती लोटांगण घालत नव्हती, तिला अटीही घालत होती. आमच्याकडून पाहुणचार, तुझ्याकडून हलका हात. एखाद्या कल्पनेला चेहरा द्यायचा तर तो अशा बोलाचालीसाठी द्यावा, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

कल्पनेला देह देण्याचं मराठीतलं सगळ्यात देखणं काम सातशे वर्षांपूर्वी नेवाशात झालं, आणि ते योगायोगानं गणपतीचंच आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या आरंभी ज्ञानदेव गणपती उभा करतात. त्याच्या देहाला मातीचा कण लागत नाही, सगळी घडण विद्यांची आहे. वेद ही मूर्ती, अठरा पुराणं हे अंगावरचे अलंकार. सहा दर्शनं हे सहा हात. एका हातातला परशू म्हणजे तर्क, दुसऱ्यातला अंकुश म्हणजे न्यायाचा बारकावा, मोदक म्हणजे वेदान्त. मोडका दातसुद्धा मोकळा सोडलेला नाही. तो खंडन झालेल्या बौद्ध मताची खूण म्हणून हातात दिला आहे. आजच्या वाचकाला तिथं थोडं टोचतं, मलाही टोचतं. पण ज्या मताशी वाद घातला त्यालाही मूर्तीत जागा ठेवली, हेही दिसतं. सोंड म्हणजे विवेक. दात म्हणजे संवाद. शुभ्र रंग म्हणजे समता. अकार पाय, उकार पोट, मकार मस्तक.

आता गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे या. चिंचपोकळीपासून लालबागपर्यंत रस्ता माणसांनी फुललेला. कुणी राजा, कुणी चिंतामणी, कुणी महागणपती. पोरांच्या टी-शर्टांवर छातीभर नाव. मी या गर्दीतलाच आहे, पावती पुस्तक घेऊन जिने चढलेला आहे, त्यामुळं नाक मुरडण्याचा हक्क माझ्याकडे नाही. तरीही रांगेत उभा असताना मनात येतं, त्या सोंडेतला विवेक आणि दातातला संवाद कुठं राहिला? त्याला आपण बढती देऊन राजा केलं आणि राजाशी संवाद होत नसतो, दर्शन होतं. दोरी धरलेला कार्यकर्ता मागून ढकलतो, "चला चला, पुढे चला," आणि डोकं टेकायच्या आत आपण बाहेर.

खरं म्हणजे लालबागच्या राजाची सुरुवात अगदी बोलाचालीतूनच झाली. १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद पडला, कोळणी आणि फेरीवाले उघड्यावर आले. त्यांनी नवस बोलला, बाजाराला कायमची जागा मिळाली तर गणपती बसवू. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला, तो कोळी वेशात. पोटापाण्याच्या एका मागणीनं देह घेतला आणि मागणाऱ्यांचेच कपडे घातले. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत तो कधी नेहरूंच्या, कधी सुभाषबाबूंच्या रूपातही बसला. आणि २०२०च्या साथीत मूर्ती बसलीच नाही. मंडळानं आरोग्योत्सव केला, लोकांनी रक्त दिलं, प्लाझ्मा दिला. माझ्या मते त्या वर्षी राजा कोळी वेशातल्या गणपतीच्या सगळ्यात जवळ होता.

इंग्रज साहेबांची तऱ्हा वेगळी. कॉटन ग्रीनहून हार्बरनं शेवटच्या स्टेशनला उतरलात तर एकदा बाहेर येऊन मान वर करा. सीएसएमटीच्या घुमटावर एक बाई उभी आहे, उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी चाक. ती प्रगती. थॉमस अर्प नावाच्या शिल्पकारानं घडवलेली. खाली शेती, व्यापार आणि अभियांत्रिकी, यांचीही शिल्पं आहेत. समोर महापालिकेच्या इमारतीवर पंख लावलेली आणखी एक बाई, ती साक्षात मुंबई नगरी. रोज लाखो माणसं या बायांच्या पायाखालून जातात आणि त्यांना कुणी ओळखत नाही. ओळखणार कसं? त्यांच्याशी कुणाचं काही बोलणंच झालेलं नाही. त्या वर ठेवल्या गेल्या. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवी त्याच दशकातली, १८८६ची, तिच्याही हातात मशाल. त्या काळी युरोपात असल्या बाया घाऊक तयार होत होत्या.

एक गोष्ट मात्र खटकते. प्रगती बाई, स्वातंत्र्य बाई, न्याय बाई, देश बाई. आणि खऱ्या बायांना काय? आमच्याकडच्या गिरण्यांत वाइंडिंगला, रिळावर हजारो बाया होत्या. गिरण्यांतून हळूहळू त्या कमी होत गेल्या, त्यांचा पुतळा कुठल्या घुमटावर नाही. हुतात्मा चौकात फ्लोरा ही फुलांची रोमन देवी आहे आणि तिच्या शेजारी मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी आहेत. ते दोघे पुरुष. श्रमाला देह द्यायची वेळ आली तेव्हा बाई आठवली नाही.

तरी आपल्याकडे या बायांना माणसात आणायचं काम काही जणांनी केलं. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर आल्या, लुगड्यातल्या, दागिन्यांतल्या, ओळखीच्या चेहऱ्याच्या. आज डोळे मिटून लक्ष्मी आठवा, बहुधा त्याच छापखान्यातली येईल. १९०५ मध्ये, बंगालच्या फाळणीच्या वर्षी, अवनींद्रनाथ ठाकुरांनी भारतमाता रंगवली. भगव्या वस्त्रातली, चार हातांत पोथी, भाताची लोंबी, वस्त्र आणि जपमाळ. विद्या, अन्न, वस्त्र, दीक्षा. पुढच्या कॅलेंडरांतल्या भारतमातेच्या हातात झेंडा आणि त्रिशूळ आले, शेजारी सिंह आला. भाताची लोंबी कुठं पडली, कुणास ठाऊक. माझं मत विचाराल तर ती पहिली बाई जास्त देशासारखी होती. तिच्या हातात मागण्याजोग्या गोष्टी होत्या.

पण गिरणगावाला पटलेली मूर्ती रंगात नव्हती, डफावर होती. अण्णाभाऊ साठ्यांची मैना. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णाभाऊ आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड गिरणगावाच्या मैदानांत दुमदुमली. गोष्ट साधी आहे. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावात राहिलेल्या बायकोला आठवतो. तिचं रूप, तिचा निरोप, आपली गरिबी. आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात येईस्तोवर ती मैना म्हणजे बेळगाव-कारवारासकट दूर राहिलेला मुलूख झालेली असते. माझे वडील सांगायचे, शाहीर थांबला की मैदानात पुरुष माणसं डोळे पुसत असायची, आणि ती बायकोसाठी रडत होती की बेळगावसाठी, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. समोरच्या बहुतेकांची एकेक मैना रत्नागिरीत, साताऱ्यात, कोल्हापुरात खरोखरच राहिली होती. सीमाप्रश्न नकाशावरून उतरला आणि खोलीतल्या वळकटीवर येऊन बसला. प्रगतीबाईला हे कधी जमलं नाही.

अमूर्तांचं खरं भांडण बघायचं तर शक्ती-तुरा बघावा. परळच्या दामोदर नाट्यगृहात तो रात्र रात्र रंगायचा. एकीकडे तुरेवाले, म्हणजे शिवाचे. दुसरीकडे कलगीवाले, म्हणजे शक्तीचे. पुरुष थोर की प्रकृती, ब्रह्म आधी की माया, हा प्रश्न दिवसपाळी संपवून आलेली माणसं ढोलकी आणि घुंगरांवर सोडवत बसायची. एका बाजूनं कोडं टाकायचं, दुसऱ्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं, आणि उत्तर अडलं की प्रेक्षकांतून अशा शिट्ट्या पडायच्या की मायेनं तोंड लपवावं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मला जे कळलं नाही ते बाल्कनीतून थोडंफार कळलं. तिथं कुठलीही कल्पना पवित्र म्हणून सुटत नसे. पुढची फेरी जिंकावी लागे.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्या राक्षसाकडे येतो.

ऐंशीच्या दशकात गणपतीत आमच्या गल्लीत ट्रिकसीन, म्हणजे हलता देखावा, असायचा. महागाईचा भस्मासुर. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर प्लॅस्टर. डोळ्यांत लाल बल्ब. जबडा मोटरवर उघड-मीट करायचा आणि दर वेळी मोटर कर्र करायची. पोटाला काच बसवलेली, आत पुठ्ठ्याचे तांदूळ, तूरडाळ, साखर आणि रॉकेलचा डबा. शाळेतल्या एका सरांच्या घोगऱ्या आवाजात टेप वाजायची, "बंधू-भगिनींनो, हा पाहा जनतेला गिळणारा..." शेवटी गणपतीच्या हातातून निळा झोत निघायचा, राक्षस मागं कलंडायचा, पडदा पडायचा. टाळ्या. दहा मिनिटांनी पुढच्या रांगेसाठी तो पुन्हा उभा. आम्ही पोरं पडद्यामागून त्याला दोरीनं उठवायचो.

मंडपाच्या कमानीवर सगळ्यात मोठी पाटी एका किराणा दुकानदाराची होती. वर्गणीही त्याचीच सगळ्यात मोठी. दिवाळीच्या तोंडावर गोडेतेलाचे डबे दडवतो म्हणून सगळी चाळ ज्याला शिव्या द्यायची, तो हाच. पहिल्या दिवशी आरतीचा मान त्याला मिळाला, आणि मागं भस्मासुर कर्र कर्र करत जबडा हलवत होता.

राक्षस उभा केला की माणूस सुटतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील होते. संप कधी अधिकृतपणे मागं घेतलाच गेला नाही. नंतर वस्तीत एक बोलणं रूढ झालं. संपानं खाल्लं. गिरणी बंद पडली. मंदी आली. ही सगळी वाक्यं ऐकत मी मोठा झालो आणि फार उशिरा लक्षात आलं की यांत माणूसच नाही. गिरणी आपोआप पडत नाही, ती कुणीतरी बंद करतो, कुणीतरी यंत्रं विकतो, कुणीतरी जमिनीच्या कागदावर सही करतो. पुढं 'विकास' आला. त्यालाही लोकांनी माणसासारखं वागवलं, आला, हरवला, वेडा झाला. विनोद झकास होते. पण विकासाला हसता हसता सही करणारा हात पुन्हा दिसेनासा झाला.

म्हणूनच मला वरळीच्या बीडीडी चाळीतली होळी आवडते. तिथं दर वर्षी चालू विषयाचा भला मोठा पुतळा करतात. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनासुर जाळला. तो शोभला, कारण विषाणूला पत्ता नसतो. पण २०१८ मध्ये बँकघोटाळ्याच्या वेळी त्यांनी घोटाळासुर केला नाही, थेट नीरव मोदीचा पुतळा उभा केला. कोण कल्पना आणि कोण माणूस, हा फरक त्या पोरांना नेमका कळला होता.

तर मंडळातल्या पोरांनो, यंदा देखाव्याचा विषय ठरवायला बसाल तेव्हा महागाईचा राक्षस जरूर करा, तुमचा कारागीर आता माझ्या काळापेक्षा किती तरी चांगला आहे. फक्त त्याच्या पायाशी एक साधी पाटी लावा. गेल्या गणपतीला डाळीचा भाव काय होता, यंदा काय आहे, आणि मधल्या काळात कुणी काय ठरवलं. आणि कमानीवर कुणाची पाटी चढवायची, तेही एकदा तपासून घ्या. स्क्रिप्ट लिहायला कुणी मिळालं नाही तर मी आहे. पावती फाडायला याल तेव्हा सांगा.